मोठे ब्रेक बसवले, तरी घाट उतरताना पॅडल खाली जातंच: जुन्या एमजीबीचं समस्या निवारण

"पॅडल खाली जातं." एमजीबीसारखी जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार कुर्ल्याच्या गॅरेजमध्ये नेली काय किंवा ऑपेरा हाउसच्या, तक्रार याच तीन शब्दांत सांगितली जाते. तोवर पुढे चार पिस्टनचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे चिमटे), स्टीलच्या जाळीचे होज, नवे पॅड असा सगळा खर्च होऊन गेलेला असतो. शहरात गाडी छान थांबते. लोणावळ्याहून परतताना, खोपोली जवळ आली की पाय फळीपर्यंत पोचतो. मिस्त्री म्हणतो, "एअर राहिली असेल, शेठ." एअर काढतो, पॅडल वर येतं, पैसे दिले जातात. पुढच्या घाटाला पुन्हा तेच.

घोटाळा त्या तीन शब्दांतच आहे. पॅडल *लांब* असतं, *मऊ* असतं, *बुडतं* किंवा *तापल्यावर जातं*. ही चार वेगळी दुखणी आहेत आणि त्यांचं औषधही वेगळं आहे. पाचवा प्रकार म्हणजे पॅडल दगडासारखं कडक, पण गाडी थांबत नाही. तोही याच नावाने खपवला जातो. कोणतं दुखणं आहे ते ठरवण्याआधी पाना हातात घेऊ नका.

खालचे आकडे एमजीबीचे आहेत (१९६२ ते १९८०, पुढे १०.७५ इंची सलग डिस्क, मागे १० इंची ड्रम). तपासण्याची रीत मात्र त्या काळातल्या पुढे डिस्क, मागे ड्रम असलेल्या कुठल्याही गाडीला चालेल.

आधी दहा मिनिटांची परीक्षा

गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद, चाकांना उटी. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा व्हॅक्युमचा डबा) असेल तर पॅडल पाच-सहा वेळा दाबून त्यातला व्हॅक्युम संपवा. आता एकदाच, नेहमीच्या जोराने दाबा आणि पाय कुठे थांबला ते बघा. लगेच सोडून दुसऱ्यांदा दाबा.

दुसऱ्यांदा पॅडल वर थांबलं आणि दोन्ही वेळा टणक लागलं, तर ते *लांब* आहे. हवा नाही, कुठेतरी अंतर वाढलंय. दाबताना फुगा दाबल्यासारखं लागलं आणि प्रत्येक दाबाला थोडं थोडं वर आलं, तर *मऊ*. जोर तसाच ठेवून ३० सेकंद थांबा. पाय हळूहळू जमिनीकडे सरकला, तर *बुडतं*. आणि या तिन्हीत गाडी पास झाली, तर दुखणं उष्णतेचं आहे. थंड गाडी गॅरेजमध्ये उभी करून ते कधीच सापडणार नाही.

बूस्टरची परीक्षा त्याच दमात उरकून घ्या. पॅडल दाबून धरा, इंजिन सुरू करा, पाय थोडा खाली गेला पाहिजे. गेला नाही तर व्हॅक्युमची नळी किंवा तिचा एकतर्फी व्हॉल्व्ह बघा.

लांब पॅडल: बहुतेक वेळा दोष मागे असतो

पुढे चकचकीत कॅलिपर बसले की मागच्या ड्रमकडे कोणी बघत नाही. एमजीबीचे मागचे ब्रेक आपोआप ॲडजस्ट होत नाहीत. प्रत्येक बॅकप्लेटवर चौकोनी डोक्याचा एक ॲडजस्टर असतो. मुंबईच्या दोन पावसाळ्यांत तो गंजून जाम होतो, आणि जाम झाल्याचं कळत नाही, कारण ब्रेक लागत राहतात.

गाडी जॅकवरून स्टँडवर घ्या, हँडब्रेक सोडा, ॲडजस्टरवर गंज सोडवणारं ऑइल मारून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी चाक हाताने फिरेनासं होईपर्यंत घट्ट करा, पॅडल एकदा जोरात दाबा म्हणजे शू मध्यावर येतील, पुन्हा घट्ट करा आणि मग चाक मोकळं फिरेपर्यंतच सोडा. हलकीशी घासण ऐकू आली तर चालते. चौकोनी डोकं पकडीने धरू नका. एकदा गोल झालं की पुढचं काम गॅस टॉर्चचं. ड्रम उघडलाच असेल तर जुन्या लायनरची धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा, तोंडावर मास्क ठेवा.

मागचं ॲडजस्ट होऊनही पॅडल लांबच असेल, आणि विशेषतः वळण घेतल्यानंतरच्या पहिल्या ब्रेकलाच लांब लागत असेल, तर पुढच्या हबकडे या. डिस्क डगडगत असेल तर ती पॅडना मागे ढकलते आणि पुढच्या दाबाला ते अंतर आधी भरावं लागतं. जुन्या सरकत्या कॅलिपरपेक्षा चार पिस्टनच्या घट्ट (जागचं न हलणाऱ्या) कॅलिपरमध्ये हे जास्त जाणवतं, अशी समजूत आहे. एमजीबीचं मूळ कॅलिपरही घट्टच असतं, त्यामुळे इथे दोष कॅलिपरचा नाही, बेअरिंगचा आहे. या गाडीत बेअरिंगचा प्ले (ढिलेपणा) शिमने, म्हणजे पातळ चकत्यांनी जुळवतात: ०.००२ ते ०.००४ इंच, म्हणजे ०.०५ ते ०.१० मिमी. डिस्क हबच्या आतल्या बाजूला बोल्टने बसते, त्यामुळे डिस्क बदलायची तर हब उतरवावाच लागतो. नेमकं त्याच वेळी शिम हरवतात किंवा "एक काढून टाकली, घट्ट झालं" असं होतं. शिम न लावता नट आवळला तर बेअरिंग जळतं. डायल गेज लावून प्ले मोजा आणि डिस्कच्या कडेपासून आत दहा मिमीवर तिचं डगडगणंही मोजा. ०.१० मिमीच्या आत हवं. जास्त आलं तर डिस्क लेथवर पाठवण्याआधी हबची डिस्क टेकते ती बाजू वायर ब्रशने घासा. गंजाची एक खपली पुरते.

कॅलिपरचं गणित, जे विकणारा सांगत नाही

मागचं ठीक, हब ठीक, तरी पॅडल लांब: मग पिस्टनचं क्षेत्रफळ मोजायची वेळ आली. मूळ कॅलिपरमध्ये प्रत्येक बाजूला सुमारे ५४ मिमीचा एक पिस्टन असतो. त्याचं क्षेत्रफळ २,२९० चौरस मिमी. बाजारात चार पिस्टनची कॅलिपर निरनिराळ्या पिस्टनांची मिळतात:

३८ मिमीचे दोन पिस्टन: २,२६८ चौमिमी, म्हणजे जवळपास मूळ इतकंच.
४१.३ मिमीचे दोन: २,६७९ चौमिमी, १७ टक्के जास्त.
४४.५ मिमीचे दोन: ३,११० चौमिमी, ३६ टक्के जास्त.

क्षेत्रफळ वाढलं की तेवढंच ब्रेक ऑइल जास्त ढकलावं लागतं आणि पॅडल लांब होतं. मग सुचवलं जातं मोठं मास्टर सिलिंडर, म्हणजे पॅडल दाबल्यावर ऑइल ढकलणारं सिलिंडर. १९ मिमीच्या (पाऊण इंची) मास्टरऐवजी २२.२ मिमीचं लावलं तर त्याचं क्षेत्रफळही ३६ टक्क्यांनी वाढतं आणि ४४.५ मिमीच्या कॅलिपरशी पॅडलचा हिशोब पुन्हा जुळतो. आतापर्यंत सगळं गोड.

पण ड्रममधले शू ढकलणाऱ्या मागच्या व्हील सिलिंडरचं काय? ते तेवढेच राहिले. मोठ्या मास्टरमुळे त्याच पायाच्या जोरात नळीतला दाब कमी होतो. पुढे मोठे पिस्टन तो भरून काढतात, मागे कोणी भरून काढत नाही. मागच्या चाकांचा वाटा साधारण २६ टक्क्यांनी घटतो. मास्टर बदला किंवा बदलू नका, पुढचे पिस्टन मोठे केले की पुढचं-मागचं प्रमाण पुढेच झुकतं. कोरड्या रस्त्यावर हे लक्षात येत नाही. जुलैत उड्डाणपुलाच्या लोखंडी जोडावर किंवा ओल्या पेव्हर ब्लॉकवर पुढची चाकं अचानक लॉक होतात आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते. यावर मागे मोठे व्हील सिलिंडर घालायचा सल्ला कोणी दिला तर नम्रपणे नाही म्हणा. पावसात मागची चाकं आधी लॉक होणं हे पुढच्यांपेक्षा कितीतरी वाईट.

म्हणून मुंबईत रोज चालणाऱ्या, नव्वद-पंच्याण्णव अश्वशक्तीच्या गाडीला ३८ मिमीचंच कॅलिपर घ्यावं आणि मास्टर मूळ ठेवावा, असं आमचं स्पष्ट मत. मोठ्या पिस्टनची कॅलिपर आधीच घेऊन ठेवली असतील तर ती विकून टाका. मास्टर, बूस्टर, प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागचा दाब कमी करणारा) अशी शेपटी वाढवत जाण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

घेण्याआधी चाकाचं माप बघायला विसरू नका. १४ इंची तारेच्या चाकात रुंद कॅलिपर आऱ्यांना घासतं. पुठ्ठ्याचा साचा कापून हबवर धरा. सगळीकडे ३ मिमी मोकळी जागा नसेल तर ते कॅलिपर तुमच्यासाठी नाही.

मऊ पॅडल: हवा कुठे अडकते

चार पिस्टनच्या कॅलिपरवर ब्लीड निपल, म्हणजे हवा काढायची तोंडं, एका टोकाला असतात. डावं कॅलिपर उजवीकडे लागलं की निपल खाली येतात, हवा वरच्या कोपऱ्यात बसून राहते आणि दिवसभर ब्लीड केलं तरी निघत नाही. हसू येण्यासारखी चूक आहे, पण "तीनदा एअर काढली तरी मऊच" अशा गाडीत सगळ्यात आधी हेच बघावं. निपल नेहमी वर. आतल्या आणि बाहेरच्या बाजूला वेगळे निपल असतील तर दोन्हीकडून काढा.

दुसरी जागा म्हणजे वेगळा बसवलेला बूस्टर. हे सिलिंडर आडवं ठेवलं तर त्याच्या आत हवेची गादी राहते. ऑइल बाहेर पडतं ते टोक वर राहील असं तिरपं बसवा.

क्रम सोपा आहे: उजव्या हाताच्या गाडीत मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. निपलवर पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीत ऑइलखाली बुडवलेलं. साथीदाराने पॅडल *हळू* दाबायचं, निपल पाव फेरा उघडायचा, पॅडल तळाशी जाण्याआधी बंद करायचा. जोरात पंप मारलं तर हवेचे बुडबुडे फुटून बारीक फेस होतो आणि तो निघायला तास लागतो. दर सात-आठ दाबांनी टाकीत ऑइल बघा. टाकी रिकामी झाली की पहिल्यापासून सुरुवात. नळीत आधी चहाच्या रंगाचं, मग स्वच्छ पिवळसर ऑइल यायला लागलं आणि सलग दहा दाब एकही बुडबुडा दिसला नाही की थांबा. पूर्ण बदलायला अर्धा लिटर लागतं. सगळ्या नळ्या कोरड्या असतील तर लिटरभर हाताशी ठेवा. रंगावर थेंब पडला तर पुसू नका, लगेच पाणी ओता.

हवा नाही, तरी मऊ? मग नळीच्या सांध्यांकडे बघा. हा मुंबईतला खास घोळ. एमजीबीच्या नळ्यांचे नट ३/८ इंची, इंचाला २४ आट्यांचे आहेत. बाजारात सहज मिळतं ते एम-१० बाय १ (१० मिमी, दर मिमीला एक आटा). तीन-अष्टमांश इंची नट एम-१०च्या भोकात ढिला का होईना, पण फिरतो. दोन-तीन आटे धरतो आणि गॅरेजमध्ये गळतही नाही. जोरात ब्रेक मारल्यावर सरकतो. नट बोटाने शेवटपर्यंत फिरला पाहिजे आणि फिरताना हलता कामा नये. नळीच्या तोंडाची घडीही तपासा. दुहेरी ४५ अंशाची घडी आणि कांद्यासारखी गोल घडी एकमेकांच्या जागी बसत नाहीत, आणि आवळून बसवली तर एकदाच बसतात. पाने इंचीच वापरा. मिमीचे पाने जवळपास बसतात आणि त्या जवळपासमध्येच नट गोल होतात.

कोणता कोपरा मऊ आहे ते शोधायला जुने रबरी होज क्लॅम्पने दाबायची रीत आहे. स्टीलच्या जाळीचे होज मात्र कधीही दाबू नका, आतली टेफ्लॉनची नळी मोडते. त्याऐवजी मास्टरच्या तोंडाला योग्य आट्यांचा पितळी प्लग लावा. तरीही मऊ असेल तर मास्टर दोषी. कडक झालं तर दोष पुढे कुठेतरी आहे, एकेक शाखा जोडत जा.

बुडणारं पॅडल

यात वाद नाही. बाहेर गळती नसेल तर मास्टरच्या आतला सील ऑइल मागे सोडतोय. टाकीतली पातळी कमी होत नाही, हीच खूण. नवीन किट घालण्याआधी आतली भिंत टॉर्चने बघा. बोटाच्या नखाला लागेल असा खड्डा असेल तर किट महिनाभर टिकेल. मास्टरच बदला, नाहीतर लेथवाल्याकडून स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवून घ्या. ब्लीड करताना पॅडल तळापर्यंत दाबल्यावर जुना सील या गंजलेल्या भागातून जातो आणि कापला जातो. "ब्लीड करून आणली आणि दुसऱ्याच दिवशी बुडायला लागली" यामागचं कारण बहुधा हेच.

पातळी कमी होतेय, जमिनीवर थेंब नाही आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर? बूस्टरचा सील गेलाय, ऑइल व्हॅक्युमच्या नळीतून इंजिन पितंय. आजच काढा.

घाट: चार पिस्टन उष्णता खात नाहीत

आता मूळ तक्रार. खंडाळा ते खोपोली उतार सुमारे ५०० मीटरचा. दोन माणसं आणि सामान धरून गाडी १,१०० किलोची मानली तर ५४ लाख जूल ऊर्जा कुठेतरी जावीच लागते. वरच्या गियरमध्ये ब्रेकवर उतरलात आणि निम्मी ब्रेकना द्यावी लागली, त्यातली ७० टक्के पुढे गेली, तर प्रत्येक पुढच्या डिस्कच्या वाट्याला साडेनऊ लाख जूल येतात. साडेचार किलोची सलग डिस्क, एक थेंबही उष्णता बाहेर न जाता, यात साधारण ४५० अंशांनी तापेल. प्रत्यक्षात वाऱ्यावर बरीच उष्णता निघून जाते, पण रविवारी संध्याकाळी ट्रकमागे रांगेत उतरताना वारा कुठला?

या हिशोबात कॅलिपर कुठेच नाही. तीच डिस्क ठेवून कॅलिपर बदलणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. उष्णता साठवते डिस्कची कास्ट आयर्न, बाहेर टाकतो वारा, सहन करतात पॅड आणि ऑइल. घाटाचा इलाज याच क्रमाने करा.

ऑइल पहिलं. डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशाला उकळतं, ओलावा शोषल्यावर १५५ अंशापर्यंत उतरतं. डॉट ३ तर २०५ वरून १४० वर. मुंबईच्या दमट हवेत रबरी होजमधून आणि टाकीच्या झाकणातून पाणी शिरतच राहतं. वर्षभर जुनं ऑइल कॅलिपरमध्ये उकळतं, वाफ होते, पॅडल तळाला. रात्रभरात गार होऊन वाफ विरते आणि सकाळी मिस्त्रीला पॅडल एकदम कडक मिळतं. "एअर" सापडत नाही ती यामुळेच. दर वर्षी ऑक्टोबरात पूर्ण ऑइल बदला. पावसाळ्यात घाटात जाणार असाल तर मेअखेरीसही. डॉट ५.१ चालेल, उकळबिंदू २६० आणि ओलं असताना १८०. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, ते डॉट ४ मध्ये मिसळायचं नाही. सील फोडलेली बाटली कपाटात ठेवून पुढच्या वर्षी वापरू नका.

मग पॅड. पॅडल टणक, पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतो, तर ऑइल ठीक आहे, पॅड हरले. रस्त्यावरचे, जास्त तापमानाचे पॅड घ्या. रेसचे नको. ते पेडर रोडच्या सिग्नलला थंड असताना धरतच नाहीत. त्यानंतरही कमी पडलं तरच व्ही-८ मॉडेलची जाड डिस्क आणि तिला जुळणारं कॅलिपर, किंवा पोकळ डिस्कचं पूर्ण किट. कॅलिपरचे बोल्ट ४० ते ४५ फूट-पाउंडांनी (५४ ते ६१ न्यूटन मीटर) आवळा, लॉक पत्र्या नव्या घाला आणि मूळ कॅलिपरचे दोन भाग वेगळे करू नका.

आणि फुकटचा इलाज: दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये उतरा, थोडा वेळ ठाम ब्रेक, मग पूर्ण सोडा. सतत हलका पाय ठेवणं सगळ्यात वाईट.

चाक अडकतंय की थरथरतंय

उतारावर न वापरताही एक चाक तापत असेल तर ते चाक उचला, पॅडल दाबून सोडा, फिरवा. फिरत नसेल तर निपल उघडा. ऑइलची पिचकारी येऊन चाक मोकळं झालं, तर दाब अडकलाय: होज आतून सुजलाय किंवा पॅडलला मोकळी चाल नाही. पॅडलच्या टोकाशी सुमारे ३ मिमी मोकळी चाल हवी, नाहीतर मास्टरचं परतीचं भोक बंदच राहतं आणि ट्रॅफिकमध्ये ब्रेक आपोआप आवळत जातात. निपल उघडूनही चाक जाम, तर पिस्टन गंजलाय. समुद्राकाठी उभ्या राहणाऱ्या गाडीला स्टेनलेस पिस्टन घाला.

थरथर म्हणजे डिस्क वाकली, हे क्वचितच खरं असतं. बहुतेक वेळा पॅडचा थर एका जागी चिकटलेला असतो. नवे पॅड बसवताना ६० वरून २० वर, पूर्ण न थांबता, दहा वेळा ब्रेक लावा आणि मग दहा मिनिटं ब्रेक न वापरता चालवा. मागे गाडी नसलेला पहाटेचा रस्ता निवडा. घाटातून उतरून पहिल्याच सिग्नलला पाय दाबून उभे राहू नका. हँडब्रेक लावा, तो मागच्या ड्रमवर आहे.

पाणी साचलेल्या सबवेतून गाडी काढली असेल तर बाहेर पडताच हलका ब्रेक धरून थोडं चालवा. ड्रममधलं पाणी त्याशिवाय सुकत नाही.

एक कागदोपत्री गोष्ट. गाडी ५० वर्षांपुढची असेल आणि २०२१च्या नियमांप्रमाणे 'व्हीए' मालिकेची व्हिंटेज नोंदणी असेल किंवा घ्यायची असेल, तर मूळ कॅलिपर, मास्टर, नळ्या भंगारात देऊ नका. तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा.

काम झालं की इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन एकदा घाट उतरा. खोपोलीला सुरक्षित जागी थांबून दोन्ही पुढच्या डिस्क एका मिनिटाच्या आत मोजा. चकचकीत घासल्या पृष्ठभागावर नाही, तिथे आकडा कमी दिसतो. कडेच्या गंजट पट्टीवर मोजा. डाव्या-उजव्यात चाळीस अंशांहून जास्त फरक दिसला, तर तापलेल्या बाजूचं कॅलिपर पुन्हा उघडावं लागेल.